पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करताना: कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांसाठी कामाचा क्रम

पूर येऊन आठ दिवस झाले की कॉन्व्हेंटच्या पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. पार्लर म्हणजे पाहुण्यांची खोली. नवीन माणसाला दरवेळी हे सांगावं लागतं. तिथे गोण्याच गोण्या. एकीत ब्लाउज नसलेल्या साड्या, दुसरीत लहान मुलाचा एकच बूट, तिसरीत कुणाच्या तरी लग्नातला चमचमता घागरा. आणि मधोमध उभ्या सुपिरिअर, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टर विचारतात, "याचं आता काय करायचं हो?"

वसईतल्या एका कॉन्व्हेंटचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिते. हा प्रश्न प्रत्येक आपत्तीनंतर ऐकलाय. सिस्टरांची कळकळ खरी, लोकांचा विश्वास खरा, पैसेही येतात. चुकतो तो क्रम. आवाहन पहिल्या दिवशी होतं, खातं तिसऱ्या दिवशी ठरतं, परवानगीचं पत्र दुसऱ्या आठवड्यात जातं आणि नेमकं काय हवंय हे टेम्पो गावात पोचल्यावर कळतं. खालचा क्रम त्याच्या जवळपास उलटा आहे. पहिल्या तीन टप्प्यांना मिळून दोन दिवस लागतात. ते दोन दिवस फोन कितीही वाजू दे, आवाहन करायचं नाही.

## टप्पा १: लेखी परवानगी

चर्चच्या कायद्यात, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, १२६५ वं कलम आहे. भिक्षेचं व्रत घेतलेल्या संन्यासी संघांचा हक्क सोडला, तर कुणाही व्यक्तीला किंवा संस्थेला धर्मकार्यासाठी लोकांकडे दान मागायचं असेल तर स्वतःच्या वरिष्ठांची आणि त्या ठिकाणच्या बिशपांची लेखी परवानगी लागते. "फादरांशी बोलणं झालंय" याला लेखी परवानगी म्हणत नाहीत.

पत्र एका पानाचं पुरतं. कोणत्या भागासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, कोणामार्फत वाटप आणि हिशेब कोण देणार, एवढंच लिहा. ते प्रोव्हिन्शियलना, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांना, आणि बिशप हाउसला एकाच दिवशी पाठवा. वसईतल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, गोळा करून सोलापुरात वाटणार असाल तर तिथल्या धर्मप्रांताला, म्हणजे तिथल्या बिशपांच्या कार्यालयालाही कळवा. अनेकदा त्यांचं समाजकार्य केंद्र आधीच कामाला लागलेलं असतं आणि तुमचे निम्मे कष्ट वाचतात.

राज्याच्या कायद्याची बाजू वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली तुमचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर त्याच्याच नावाने गोळा करा. नोंदणी नसलेला गट, उदाहरणार्थ माजी विद्यार्थिनींचा संघ, स्वतःच्या नावाने वर्गणी काढणार असेल तर त्याला ४१सी कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच ही.

तपासा: ट्रस्टच्या घटनेत आपत्तीग्रस्तांना मदत किंवा गरिबांना साहाय्य असा उद्देश लिहिलेला आहे का? फक्त "शाळा चालवणे" असेल तर दुसरी संस्था शोधा.

## टप्पा २: तिकडे एक फोन, मग यादी

टीव्हीवर बघून यादी करू नका. टीव्हीवर सगळे पूर सारखेच दिसतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल होता. तिथे पहिली गरज फावडी, घमेली, खराटे, फिनेल आणि गमबुटांची होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर जिल्ह्यात माढा-मोहोळकडे शेतं खरवडून नेली, तेव्हा लोक स्वतःआधी जनावरांच्या चाऱ्याचं विचारत होते. दोन्हीकडे एकच "पूरग्रस्त किट" पाठवून भागत नाही.

म्हणून तिथला एक माणूस पक्का करा. जवळच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर, धर्मग्रामाचे फादर, आशाताई, सरपंच, कुणीही चालेल. मात्र तो गावात राहणारा हवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही आहे. कोणत्या गावात मदत पोचली आणि कोणतं गाव अजून तुटलेलं आहे, हे तिथे विचारा.

फोनवर "काय हवंय?" असं विचारू नका. समोरून "काहीही चालेल, सिस्टर" हेच उत्तर येतं. मोडून पडलेल्या माणसाला मागायचीही लाज वाटते. त्याऐवजी असं विचारा:

- काल रात्री काय शिजवलं, आणि कशावर?
- पाणी कुठून आणताय? भरून कशात ठेवताय?
- आतापर्यंत कोण येऊन गेलं, काय देऊन गेलं?
- पंचनाम्यात कुणाची नावं आली नाहीत?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच अर्धी यादी मिळते. "शेजारणीच्या गॅसवर, तिच्याच पातेल्यात" असं उत्तर आलं की समजायचं, तांदूळ नंतर, आधी पातेलं. शेवटचा प्रश्न तर टाळूच नका. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पंचनामा करतात तो घर आणि शेताच्या नोंदींवर. भाडेकरू, वीटभट्टीवरचे मजूर, गावाबाहेरची कातकरी किंवा पारधी वस्ती त्यातून सहज निसटते. सरकारी यादीत ज्यांची नावं आहेत त्यांना उशिरा का होईना, काहीतरी मिळतं. या लोकांकडे कुणीच जात नाही, म्हणून तुमची यादी त्यांच्यापासून सुरू करा.

आणखी एक गोष्ट फक्त सिस्टरच करू शकतात. पुरुष कार्यकर्त्यासमोर बायका सॅनिटरी पॅडचं नाव काढत नाहीत. सिस्टर घरात जाऊन बसल्या की पॅड, आतले कपडे, पोरीला आलेला ताप, आंघोळीला आडोसा नाही, सगळं बाहेर येतं. पॅड पाठवायचे तर सोबत निकरही हव्यात, हे मला एका सिस्टरांनीच सांगितलं. त्याआधी आम्ही पॅडची खोकीच्या खोकी पाठवली होती आणि ती वापरायला बायकांच्या अंगावर धड कपडा नव्हता.

## टप्पा ३: खातं, पावत्या आणि परदेशातले नातेवाईक

थांबा: कोणत्याही सिस्टरच्या किंवा कार्यकर्तीच्या खासगी मोबाइल नंबरवर देणगी घेऊ नका. एक दिवसासुद्धा नाही.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. एका आपत्तीच्या वेळी आमच्या ओळखीतल्या एका गटाने "तात्पुरतं" म्हणून एका शिक्षिकेचा यूपीआय क्रमांक दिला. देणग्या तिच्या पगाराच्या खात्यात मिसळल्या. कुणाचे पाचशे, कुणाचे हजार, शेरा लिहिलेला नाही, वर तिचा स्वतःचा गॅसचा आणि किराण्याचा खर्च त्याच खात्यातून. तीन महिने आम्ही पासबुकावर रेघा ओढत बसलो. एक रुपयाही गेला नव्हता, पण ते सिद्ध करता करता त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सिस्टरांना कुठे स्वतःची मालमत्ता असते?" असं लोक म्हणतात. व्रत गरिबीचं असलं तरी पॅन कार्डाला व्रत नसतं. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर-फादरांच्या पगारातून कर कापला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पगार त्यांच्या संन्यासी संघाला जात असला तरी कर चुकत नाही. देणगी सिस्टरच्या नावावरच्या खात्यात आली, तर तिचं उत्तरही त्याच सिस्टरला द्यावं लागेल.

तेव्हा खातं ट्रस्टचं, शक्यतो या कामापुरतं वेगळं, दोघींच्या सहीने चालणारं. क्यूआर कोड बँकेकडून ट्रस्टच्या नावाचाच घ्या. स्कॅन केल्यावर पडद्यावर ट्रस्टचं नाव दिसतं की नाही, हे स्वतः दहा रुपये पाठवून बघा.

८०जीची, म्हणजे देणगीदाराला करात सवलत देणाऱ्या कलमाची, गंमत पुष्कळांना माहीत नसते. एखाद्या विशिष्ट धर्माच्या समाजासाठी असलेल्या ट्रस्टला ती सवलत मिळत नाही, त्यामुळे कॉन्व्हेंटच्या मूळ ट्रस्टकडे ती बहुधा नसते. संघाच्या समाजकार्य संस्थेकडे असू शकते. ज्या संस्थेच्या खात्यात पैसे आले तिचीच पावती चालते. एकीकडे पैसे आणि दुसरीकडून पावती, असा खेळ करू नका. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला ही सवलत नाही. नव्या करप्रणालीत विवरण भरणाऱ्या देणगीदारालाही तिचा उपयोग नाही. हे आधीच सांगितलं की मार्चमध्ये फोन येत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक छापण्यापूर्वी सीएकडून बघून घ्या.

आता परदेश. आमच्या वसईत प्रत्येक घरातलं एक माणूस आखातात नाहीतर कॅनडात. दोघांचीही मदत "बाहेरून" येते, पण कायद्याच्या नजरेत ती एक नाही. कुवेतमधल्या भाच्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने पैसे दिले तर ती परकीय देणगी ठरत नाही. टोरांटोतल्या आत्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ती ठरते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही. अशी देणगी फक्त एफसीआरएखाली, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्था घेऊ शकते. तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उघडलेल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. म्हणून "आम्ही घेतो आणि तुमच्याकडे वळती करतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

तपासा: भाच्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लागली का? नसेल तर रक्कम खर्चू नका.

## टप्पा ४: आवाहन

आता लिहा. मजकूर छोटा ठेवा, पण पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: गाव, वस्तू किंवा रक्कम, खात्याचं नाव, शेवटची तारीख, काय घेणार नाही. साधारण असं:

> "माढा तालुक्यातल्या दोन वस्त्यांवरच्या ६० कुटुंबांसाठी भांड्यांचे संच आणि आठवड्याचा शिधा द्यायचा आहे. देणगी फक्त खालील ट्रस्टच्या खात्यात. शेवटची तारीख १२ ऑक्टोबर. वापरलेले कपडे, शिजवलेलं अन्न आणि औषधं स्वीकारली जाणार नाहीत. वाहतूक खर्च याच निधीतून होईल. हिशेब १५ नोव्हेंबरला चर्चच्या फलकावर."

शेवटच्या तारखेशिवाय पाठवलेला निरोप मरत नाही. तो व्हॉट्सॲपवर फिरत राहतो आणि पुढच्या वर्षीच्या पुरात लोक मागच्या वर्षीच्या पुरासाठी पैसे पाठवतात. वाहतूक खर्चाची ओळही वगळू नका. डिझेल कुठून भरलं हा प्रश्न नंतर येतोच, आणि तेव्हा दिलेलं उत्तर सारवासारव वाटतं.

शाळेत आवाहन करणार असाल तर वर्गवार रकमांचा तक्ता फलकावर लावू नका. "फुल ना फुलाची पाकळी" म्हणायचं आणि कोणत्या वर्गाने किती दिले ते वाचून दाखवायचं, हे मुलांना बरोबर कळतं. घरी जाऊन ती आईच्या मागे लागतात, आणि त्या आईचा पगार झालेला नसतो.

## टप्पा ५: रविवारची रोकड

मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर, दारात दोन पेट्या, प्रत्येक पेटीपाशी दोघं. पेटी उघडताना नात्यात नसलेली तीन माणसं हवीत: एक सिस्टर, एक धर्मग्रामाच्या अर्थसमितीतला आणि एक कुणीही. नोटा मूल्यानुसार कागदावर लिहा, तिघांच्या सह्या घ्या, कागदाचा फोटो जागच्या जागी काढा. सोमवारी बँक उघडताच भरणा. त्यातून "टेम्पोवाल्याला आता दोन हजार देऊन टाकू" असं करू नका. आलेली रक्कम आधी पूर्ण भरायची, मग खर्चासाठी काढायची. भरणा आणि मोजणीचा कागद जुळले नाहीत तर पुढे काहीच जुळत नाही.

## टप्पा ६: खरेदी आणि बांधणी

शक्यतो सामान जिथे वाटायचं त्या तालुक्याच्या बाजारातून घ्या, म्हणजे भाडं वाचतं, तिथला दुकानदारही सावरतो आणि धान्य लोकांच्या जिभेचं मिळतं. कोकणात तांदूळ जास्त लागतो, सोलापूरकडे ज्वारी. वसईचा उकडा तांदूळ घेऊन माढ्याला गेलात तर बाया तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण शिजवणारही नाहीत.

पाच माणसांच्या घराला आठवड्यासाठी आम्ही असं धरतो: तांदूळ आणि पीठ मिळून १० किलो (प्रमाण भागाप्रमाणे), तूरडाळ २ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, मीठ १ किलो, चहा, तिखट, हळद, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, काडेपेटी, मेणबत्त्या. भांड्यांचा संच वेगळा: दोन पातेली, झाकणं, तवा, पळी, पाच ताटं-पेले आणि तोटीची झाकणवाली बादली. तोटी हवीच, नाहीतर हात बुडवून पाणी घेतात आणि जुलाब सुरू होतात.

शिध्याचं वजन सोळा किलोच्या आसपास जातं. पहिली पिशवी बांधून झाली की ती घरातल्या सगळ्यात किरकोळ अंगाच्या सिस्टरला जिन्यावरून वर न्यायला सांगा. आमच्याकडे हा प्रयोग झाला तेव्हा पिशवीचे बंद दुसऱ्या पायरीवर तुटले आणि डाळ थेट चॅपलच्या दारापर्यंत घरंगळली. तेव्हापासून एका कुटुंबाला दोन पिशव्या, आठ-आठ किलोच्या. पुरानंतरच्या चिखलातून म्हातारी बाई सोळा किलो एका हातात नेऊ शकत नाही.

तेल आणि साबण पिठापासून दूर बांधा. साबणाच्या वासाची भाकरी एकदा खाऊन बघा, म्हणजे कारण विचारणार नाही.

नको म्हटलं तरी कपडे येतात. दारातच परत करा. संकोच वाटला तर सांगा, "धुऊन, इस्त्री करून, मापाची चिठ्ठी लावून आणा." बहुतेक गोण्या तिथूनच माघारी जातात. औषधं तर डॉक्टरांच्या गटाशिवाय मुळीच नाहीत. लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या भीतीने गोळ्या वाटण्याचा मोह होतो, पण ते काम आरोग्य केंद्राचं.

## टप्पा ७: वाटप

आदल्या दिवशी दोघी सिस्टर आणि गावातला तो एक माणूस घरोघर जाऊन कुपनं देतात. कुपनावर क्रमांक, घरातल्या बाईचं नाव, माणसं किती. दुसऱ्या दिवशी कुपन घ्या, पिशव्या द्या, वहीत सही किंवा अंगठा घ्या. टेम्पो चौकात उभा करून "या, घेऊन जा" केलंत तर धट्टीकट्टी पोरं तीन-तीन पिशव्या नेतात आणि विधवा रिकाम्या हाताने परतते.

६० घरांना ६५ संच न्या. वगळलेलं एखादं घर तिथे गेल्यावर सापडतंच.

सरपंच आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. याचं कारण आडपडदा न ठेवता लिहिते. झगा घातलेल्या बायका पिशव्या वाटताना दिसल्या की गावात कुणीतरी धर्मांतराचा संशय घेतो. त्यावर रागावून उपयोग नाही, काम स्वच्छ ठेवावं लागतं. पिशवीत जपमाळ नाही, संतांचं चित्र नाही, प्रार्थनेचं पत्रक नाही, वाटपाआधी सामूहिक प्रार्थना नाही. देणगीदाराने प्रेमाने पत्रकं दिली असली तरी ती कॉन्व्हेंटमध्येच ठेवा. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेतही हेच आहे: मदत गरज बघून द्यायची, तिचा वापर धार्मिक किंवा राजकीय मत पुढे नेण्यासाठी करायचा नाही. प्रार्थना करायची तर निघण्यापूर्वी, आपल्या घरी.

फोटो पिशव्यांचे, टेम्पोचे, वहीचे काढा. हात पसरलेल्या बाईचा नको, आणि मुलांचा तर नकोच. देणगीदार चेहरे मागतात. त्यांना सह्यांच्या पानाचा फोटो पाठवा, नावं आणि अंगठे झाकून.

तपासा: परत निघण्यापूर्वी गाडीतच कुपनं मोजा. दिलेले संच + उरलेले संच = आणलेले संच. घरी जाऊन मोजू म्हटलं की दोन कुपनं हमखास कमी भरतात.

## टप्पा ८: उरलेले पैसे आणि हिशेब

पैसे थोडे उरतातच. मग कुणीतरी म्हणतं, "वसतिगृहाचं छप्परही गळतंय, तेही गरिबांचंच काम ना?" नाही. कॅनन लॉच्या १२६७ व्या कलमाप्रमाणे ज्या हेतूसाठी दान दिलं त्याच हेतूसाठी ते वापरायचं. उरलेल्या रकमेतून त्याच वस्तीतल्या मुलांची वह्या-पुस्तकं घ्या, शेळी घ्या, बियाणं द्या. खरं तर दोन महिन्यांनी, सगळे टेम्पो यायचे थांबल्यावर, हीच रक्कम जास्त कामाला येते. मी तर पाचवा हिस्सा मुद्दाम मागे ठेवायला सांगते. पुन्हा जाणं शक्यच नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधीत भरा आणि ती पावती फलकावर लावा.

फलकावरचा हिशेब एका पानाचा: जमा (रोख, बँक, वस्तू), खर्च (खरेदी, वाहतूक, इतर), शिल्लक, किती कुटुंबं, कोणत्या वस्त्या. बिलांची फाइल ऑफिसात बघायला ठेवा. आमच्याकडे एक काका दरवेळी येतात, चष्मा पुसून प्रत्येक बिल बघतात आणि एकदा त्यांनी खरंच टेम्पोच्या भाड्यात चारशे रुपयांची बेरजेची चूक काढली. असे काका प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांना चहा द्या.

८०जी असलेल्या संस्थेने देणगीदारांची नावं, पत्ते, पॅन किंवा आधार आणि रकमा यांचं विवरण आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरायचं असतं. आजवर ते १०बीडी या नावाने ओळखलं गेलं. त्यानंतरच देणगीदाराला प्रमाणपत्र मिळतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये दंड, आणि तो पूरग्रस्तांच्या पैशातून भरता येत नाही. पॅन मार्चमध्ये गोळा करायला बसू नका, देणगी येते त्याच दिवशी लिहून घ्या.

शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या फाटकावरचा क्यूआर कोडचा फलक उतरवा, ज्या ज्या गटांवर आवाहन गेलं होतं त्या सगळ्यांवर "देणगी घेणं बंद झालं आहे" असा निरोप टाका, आणि शाळेच्या मागच्या दाराजवळ चिकटवलेली झेरॉक्सही काढा. ती नेहमी राहून जाते.